मंत्री झालेला लेखक

चि. सोनू,

परवा फोनवर म्हणालीस ना की आता नायब तहसीलदार झाले, लिहिणं-बिहिणं संपलं. मागनं बाबांची बडबड चालू होती म्हणून गप्प बसले, आता निवांत टाईप करतीये. तुला चीनच्या वांग मेंगबद्दल सांगायचंय.

जन्म १९३४ चा. चौदाव्या वर्षी लपूनछपून कम्युनिस्ट पार्टीत गेला आणि पुढे बीजिंगमध्ये पार्टीच्या युवक संघाच्या ऑफिसात नोकरीला लागला, म्हणजे तुझ्यासारखाच फायलींमधे. आणि तिथेच त्याला गोष्ट सापडली बघ. १९५६ साली, बाविशीच्या आत-बाहेर असताना लिहिली. एक तरुण मास्तर पार्टीच्या संघटन विभागात येतो, तिथे एका कारखान्याचा मॅनेजर कामाच्या वेळेत बुद्धिबळ खेळत बसतो, सगळ्यांना ठाऊक, पण साहेब म्हणतो चालायचंच. असा साहेब तुझ्याही ऑफिसात असेलच, नाव सांगू नकोस!

गोष्ट गाजली, खुद्द माओने तिची बाजू घेतली, तरी १९५८ मधे याच्यावर उजव्या विचारांचा म्हणून शिक्का बसलाच आणि मजुरीला पाठवलं. १९६३ ला बायकोमुलांना घेऊन तो चीनच्या पार पश्चिमेला शिनजियांगला गेला. १६ वर्षं तिकडे. इलीजवळच्या खेड्यात शेतकऱ्यांमधे राहिला, शेतात राबला, तिथल्या लोकांची उइगुर भाषा शिकला, चांगली गप्पा मारण्याइतकी. मला त्याच्या सगळ्या आयुष्यात हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण कुणी बघत नव्हतं आणि छापायची आशाही फारशी नव्हती.

१९७९ ला डाग पुसला, परत बीजिंग, आणि १९८६ ला थेट सांस्कृतिक मंत्री. ज्या सरकारनं हाकललं त्याच सरकारात, हे मला अजून पचलेलं नाही. पण जून १९८९ मधे बीजिंगच्या तियानआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन सैन्यानं चिरडलं, रक्त सांडलं, त्यानंतर बाकीचे मंत्री जखमी सैनिकांना भेटायला जात होते तेव्हा हा आजारी आहे म्हणून गेला नाही, आणि सप्टेंबरमधे पद गेलं. उघड निषेध नाही केला, खरंय. तू म्हणशील पळवाट. मी म्हणेन त्या वेळी तेवढ्यालाही जिगर लागत होती.

त्याच वर्षी एक गोष्ट आली, एका घरात सकाळच्या नाश्त्याला रोज पेज आणि लोणचं, ते बदलायचं की नाही यावरून अख्ख्या घरात गोंधळ. नंतर टीका झाली की यात तेव्हाचा चीनचा सर्वात मोठा नेता डेंग शियाओपिंग याची टिंगल आहे, तर हा माजी मंत्री चक्क कोर्टात गेला! कोर्टानं केस घेतली नाही ते सोड.

आणि शिनजियांगवर १९७४ ते ७८ मधे लिहिलेली जाडजूड कादंबरी तशीच पडून होती, ती २०१३ मधे छापली आणि २०१५ मधे तिला चीनमधला कादंबरीचा मोठा माओ दुन पुरस्कार मिळाला, ऐंशी उलटल्यावर.

त्या संघटन विभागाच्या गोष्टीचा इंग्रजी अनुवाद आहे, आधी तो वाच, मग माझ्याशी भांड. आणि डबा न्यायला विसरू नकोस, कॅन्टीनचं खाऊन पोट बिघडलंय तुझं.

तुझी,
आई