लिव्हिंगस्टोनीवाल्या दादांना, सगळ्यांसमोर थँक्यू

दादा नमस्कार,

समोरासमोर काही बोलायला गेलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता वाचावंच लागेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचा माशांचा टँक चार फुटी, अडीचशे लिटरच्या आसपास, त्यात येलो लॅब आणि थोडे पीकॉक जातीचे मासे, सगळे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. मिक्स आफ्रिकन म्हणून घेतलेल्या पिशवीतून एक चंदेरी, तपकिरी डागांचा मासा आला. नाव विचारलं तर दुकानवाला म्हणाला, मॅडम सगळे आफ्रिकन एकत्र राहतात, बिनधास्त सोडा. सोडला. थोडा मोठा झाला आणि एक दिवस बघतो तर वाळूवर आडवा पडलेला, अजिबात हालचाल नाही, सासूबाई म्हणाल्या गेला गं हा, मी जाळी घेऊन आले तर पठ्ठ्या उठून चालता झाला! दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि मधल्या काळात लॅबची पिल्लं कमी होत चाललेली.

मी तुम्हाला व्हिडिओ पाठवला तो स्विम ब्लॅडरचं (माशाला तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी बिघडते, त्याचं) औषध कुठलं घालू हे विचारायला. दुसऱ्या कोणी एखादं नाव सांगून मोकळं केलं असतं. तुम्ही विचारलंत कल्ले कसे चालतायत, शांत की धापा टाकल्यासारखे, आणि पडलेला असताना छोटे मासे त्याच्या जवळ जातात का. जातात म्हटल्यावर तुम्ही हसलात. मग सांगितलंत की हा लिव्हिंगस्टोनी जातीचा मासा, तिकडे सरोवरात वाळूवर असाच मेल्याचं सोंग घेऊन पडतो, अंगावरचे डाग सडत चाललेल्या माशासारखे दिसतात, छोटे मासे टोचा मारायला आले की झडप. टँकमध्ये हे नाटक सहसा बघायला मिळत नाही, तुमचं नशीब, असंही म्हणालात. नशीब कसलं हो, माझी पिल्लं जात होती!

तरी तुम्ही त्याला लगेच दोषी धरलं नाहीत हे मला फार आवडलं. ऑफिसवरून परस्पर घरी आलात, आधी पाण्याची टेस्ट केलीत, अमोनिया शून्य आला, मग लाइट बंद करून टॉर्च घेऊन बसलात कारण रात्री दगडाबाहेर झोपलेलं पिल्लू सगळ्यात सोपं सापडतं. काचेला मेझरिंग टेप चिकटवून एकेक मासा मोजलात. इंच सगळ्यांनाच कळतात पण तुम्ही उंची बघायला शिकवलीत, म्हणजे लांब पण सडपातळ मासा त्याच्या तोंडात जाऊ शकतो आणि तेवढ्याच लांबीचा उंच अंगाचा पीकॉक अडकतो, म्हणून तो वाचतो. त्याचं तोंड पुढे कसं फेकलं जातं ते पेलेट टाकून दाखवलंत तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, बंद तोंड बघून अंदाजच येत नाही.

आणि फीडर गप्पी, म्हणजे त्याला खायला सोडायचे जिवंत छोटे मासे, बंद करायला लावलेत ते तर बरंच झालं. मला वाटायचं पोट भरलेलं असलं की बाकीच्यांना सोडेल. तसं होत नाही, वर फीडरसोबत रोग फुकट येतात. सगळ्यांना स्पिरुलिनावालं पेलेट, कधीतरी कोळंबीचा तुकडा, तोही जपून कारण मांसाहार जास्त झाला तर बाकीच्यांना ब्लोट, म्हणजे पोट फुगायचा आजार होतो. फिल्टरमध्ये क्रश्ड कोरलची (प्रवाळाच्या चुऱ्याची) पिशवी टाकलीत तीही अजून आहे, आपलं मुंबईचं नळाचं पाणी या माशांसाठी फारच मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं.

छोट्या लॅब्ससाठी तुम्ही स्वतःचा डिव्हायडर (टँकचे दोन भाग करणारा आडपडदा) काढून दिलात, मोठे पीकॉक लिव्हिंगस्टोनीच्या बाजूला ठेवलेत आणि जाताना सगळे दगड उलटसुलट करून गेलात म्हणजे कोणाचाच कोपरा ठरलेला राहू नये. त्या रात्रीपासून एकही मासा गेला नाही. पण हे कायमचं नाही हेही स्पष्ट सांगितलंत, हा नर निघाला तर निळा पडेल, दहा इंचापर्यंत जाईल, चार फुटात त्याचेही हाल आणि बाकीच्यांचेही. खरं सांगायचं तर ते ऐकून मी जरा खट्टू झाले होते, मला वाटलं होतं काहीतरी युक्ती असेल.

तर बातमी अशी की ओळखीतून सहा फुटी टँक मिळालाय, सेकंड हँड पण सिलिकॉन चांगलं आहे. लिव्हिंगस्टोनी आणि मोठे पीकॉक तिकडे जाणार, ब्लू डॉल्फिन नावाचा मासा घ्यायचाय तो तुम्ही सोबत असल्याशिवाय घेणार नाही. लॅब्सना चार फुटी पूर्ण मोकळा. म्हणजे तुमचा डिव्हायडर रिकामा होतोय, रविवारी आणून देते, घरी असाल ना? सासूबाईंनी तुमच्यासाठी कोळंबीचं लोणचं दिलंय, हे मात्र माशांना नाही.

मनापासून आभार दादा.

तुमची मुलुंडची चार फुटीवाली