वाघ वाढले, मग आता काय?

नागपूर

प्रिय सुम्या,

तुझा मेसेज वाचला, "३६८२ वाघ झाले ना बे, मग अजून काऊन रडून राहिले तुम्ही लोकं?" व्हॉट्सअॅपवर उत्तर टाइप करायला घेतलं तर ते संपेचना, म्हणून सरळ पत्रच लिहून राहिलो. तसंही बारावीच्या पोरांना इकॉलॉजीचा धडा शिकवणं सुरू आहे, डोक्यात तेच फिरत असतं, आणि पोरं ऐकत नाहीत तर तू तरी ऐक.

आधी आनंदाचं बोलू. २००६ ला देशात १४११ वाघ उरले होते, २०२२ च्या मोजणीत ३६८२ निघाले, आपल्या महाराष्ट्रात चार वर्षांत ३१२ चे ४४४ झाले. हे सोपं काम नव्हतं आणि फॉरेस्टवाल्यांना शिव्या देणाऱ्यांत मी नाही. पण तू फक्त किती ते विचारून राहिला. ते कुठे राहतात, खातात काय, आणि तिथून निघून दुसरीकडे जाता येतं का, हे कोणी विचारतच नाही आणि खरी गोम तिथेच आहे.

खाण्याचं बघ. एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरं लागतात, म्हणजे आठवड्याला एक चितळ किंवा सांबर धर. आता दरवर्षी पन्नास गेले तरी कळप कमी होऊ नये असं वाटत असेल तर मागे पाचशेचा कळप पाहिजे. आणि त्या पाचशेंना गवत पाहिजे, पाला पाहिजे, उन्हाळ्यात पाणी पाहिजे. खालच्या पायरीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीवर पोचते, बाकी जगण्यात, पळण्यात, उष्णतेत उडून जाते, म्हणून वर वाघ नेहमी थोडेच असणार आणि खाली गवत मात्र अफाट लागणार. एवढं आपण पण शिकलो होतो, फक्त परीक्षेपुरतं. ताडोब्यात जामणी आणि नवेगावच्या कुरणात वाघ दिसला की जिप्सीतले लोक नुसते वेडे होतात, पण ती कुरणं म्हणजे उठवलेल्या गावांची शेतं आहेत. माणसं बाहेर गेली, शेतात गवत आलं, गवतावर चितळ आले, चितळांमागे वाघ आला. फोटो टाकताना हे कोणी लिहीत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, कॉरिडॉर, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची जनावरांची वाट. वाघाचं पिल्लू दोन-अडीच वर्षांचं झालं की आई हाकलते, आणि नर असेल तर त्याला स्वतःचा इलाका शोधावाच लागतो, नाहीतर मोठा नर मारून टाकतो. तुला आपला जय वाघ आठवतो ना, नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात आला आणि २०१६ मध्ये गायब झाला तो? तसाच टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा सगळा प्रवास कळला. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातून निघाला, तेलंगणात शिरला, परत फिरला, कपाशीच्या शेतांतून, नाल्यांतून, गावांच्या कडेकडेनं, रस्ते ओलांडत शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. साधारण तीन हजार किलोमीटर! लोकांनी कौतुकानं वॉकर नाव ठेवलं. मला मात्र त्यात कौतुकापेक्षा काळजी जास्त दिसते, कारण एवढं चालून पण ज्ञानगंगेत त्याला मादी मिळालीच नाही.

आणि असे वाघ बाहेर पडूच शकले नाहीत तर काय होतं ते ओडिशात जाऊन बघ. सिमिलीपालचे ते काळे वाघ, ज्यांचे फोटो तू पण कधीतरी फॉरवर्ड केले असशील. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की एका जनुकातल्या बदलामुळे त्यांचे पट्टे पसरून एकमेकांत मिसळतात, आणि तो बदल आईकडून पण आणि बापाकडून पण आला तरच पिल्लू काळं होतं. इतर जंगलांत असा वाघ जवळपास दिसतच नाही, मग तिथेच एवढे का? कारण तिथले वाघ थोडे, बाकीच्यांपासून तुटलेले, बाहेरून नवं रक्त येत नाही, त्यामुळे जवळच्या नात्यातच जोड्या जमून राहिल्या. रंग बदलला तर आपण वा वा करतो, पण त्याच वाटेनं एखादा आजार किंवा वांझपणा पण येऊ शकतो आणि तो काही फोटोत दिसत नाही. म्हणून मी म्हणतो, मोठा आकडा एकाच ठिकाणी कोंडला असेल तर तो फसवा आहे.

यावर उपाय आपल्या नागपुराजवळच आहे, तू त्यावरून गाडी पण नेली असशील. जबलपूरकडे जाणारा हायवे, आधी एनएच ७ आणि आता ४४, पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरी करायचा म्हटल्यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली, विकासाला विरोध करता म्हणून पर्यावरणवाल्यांना लोकांनी काय काय ऐकवलं. शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांसाठी वाट ठेवली, सगळ्यात मोठी साडेसातशे मीटर रुंद. खाली कॅमेरे लावले तर वाघ, रानकुत्रे, चितळ, सगळे जाऊन राहिलेले दिसले. म्हणजे जमतं बे, फक्त आधी कोणीतरी अडून बसावं लागतं.

बरं, वाघाचं पुष्कळ झालं. वाघाला निदान वाली आहे. गिधाडांचं काय? आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात शेपन्नास उतरायचे, दुपारपर्यंत नुसती हाडं. मग ते दिसेनासे झाले आणि कोणाला पत्ताच नाही. १९९२ ते २००७ मध्ये पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली, इतक्या वेगानं कमी झालेला पक्षी शोधून सापडणार नाही. कारण काय तर डायक्लोफिनॅक, गुडघेदुखीवर आपण घेतो तेच. गाई-बैलांना ते द्यायचे, जनावर मेलं की गिधाडं खायची आणि मूत्रपिंड बंद पडून मरायची. २००४ मध्ये हे सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. आणि विशेष म्हणजे शंभर मढ्यांमागे एकात जरी औषध असलं तरी एवढा नाश व्हायला पुरेसं होतं, कारण एका मढ्यावर अख्खा थवा बसतो आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. मरण्याचा वेग थोडा वाढला की जन्म कधीच पुरे पडत नाही. हत्ती, व्हेल, गिधाड, हळू वाढणारे सगळे याच हिशोबात अडकतात, उंदराचं तसं नसतं.

मग मढी कोणी खाल्ली? कुत्र्यांनी. कुत्रे वाढले, त्यासोबत रेबीजचा धोका वाढला. "एक पक्षी गेला तर काय बिघडतं" याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सरळ उत्तर हेच आहे, वर्गात पण हेच सांगतो. आता हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं पेंच आणि ताडोब्यात आणून सोडली आहेत. चांगलंच आहे, पण जनावरांच्या डॉक्टरनं मेलॉक्सिकॅमसारखं निर्धोक औषध लिहिलं आणि दुकानदारानं तेच दिलं तर त्याचा उपयोग. पिंजऱ्यात जन्मलेलं गिधाड बाहेर येऊन तेच जुनं औषध खाणार असेल तर कशाला एवढा खटाटोप.

पुढचं लिहायला जरा जड जातं. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडे वाघ अभयारण्याबाहेर, गावांना लागूनच राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया पहाटे उजाडायच्या आत निघतात, उशीर केला तर फुलं जनावरं खातात. मग तेंदूपत्ता येतो. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. दरवर्षी माणसं जातात. आपण नागपुरात एसीत बसून "सेव्ह टायगर"चा टीशर्ट घालायचा आणि किंमत त्या बाईनं भरायची, हे मला पटत नाही आणि वाघ मारून टाका हे पण पटत नाही. मधला रस्ता असेल तर तो गावाच्या हातात जंगल देण्यातून जातो असं मला वाटतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आजूबाजूच्या जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क मिळाला, बांबू गावानं विकला, पैसा ग्रामसभेत आला. ज्याला जंगलातून पोट भरता येतं तो ते जाळत नाही. सगळीकडे असंच जमेल असं मी म्हणत नाही, पण नुसत्या कुंपणापेक्षा यावर माझा भरवसा जास्त.

आता तुझा दुसरा प्रश्न, मे महिन्यात ताडोब्याचं कोणतं गेट बुक करू. मी म्हणतो मे सोड, जुलैच्या शेवटी ये. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, तेव्हा बंद असतो, सप्टेंबर संपेपर्यंत, ते चांगलंच, तुझं लक्ष वाघावरून तरी हटेल. आपण गोंदियाकडे जाऊ. तिथे मालगुजारी तलाव आहेत, कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले, त्यांच्या पाण्यावर धान पिकतं आणि त्याच धानाच्या बांधीत सारस घरटं करतो. माणसाएवढा उंच पक्षी, महाराष्ट्रात आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला, तोही मोजकाच. घरटं असलं की तेवढी जागा सोडून रोवणी करणारे शेतकरी आहेत तिकडे. काही तलावांत बेशरम नावाची रानटी झुडपं माजली होती, ती उपटून टाकून गावकऱ्यांनी तळाशी जुन्या पाणवनस्पती परत लावल्या, कारण स्थानिक मासे त्यांच्याच आधारानं अंडी घालतात आणि पाणपक्ष्यांचं खाणं पण त्यातच. तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या बायांकडून माशांची नावं ऐक एकदा, मला अर्धी पण येत नाहीत.

तर सुट्टी टाक आणि तारीख कळव. बूट चिखलात चालतील असे आण, मागच्यासारखे पांढरे नको. आणि वहिनीला सांग, सकाळचा तर्री पोहा माझ्याकडून, पण सावजीचं बिल तू देशील.

तुझाच,
पक्या