पोरांच्या हातून टूल तुटू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

अ‍ॅडमिशनचे दिवस आहेत, ज्याच्या त्याच्या ब्रोशरवर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, लॅबचा फोटो दिसतोय म्हणून लिहितोय. मी भोसरीत व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मोठ्या सीएनसी मशीनवर, सेटर आहे, टूल आणि जॉब लावून मशीन तयार करणं हे माझं काम. दरवर्षी डिप्लोमा, डिग्रीची नवी पोरं आमच्याकडे येतात, जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, तोंडपाठ असतात पण जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) झेड झिरो घे, म्हणजे टूलची उंची शून्य कुठून धरायची ते ठरव, म्हटलं की हात थरथरतो. त्यांची काही चूक नाही. आमच्या कॉलेजातही लाखोंचं मशीन होतं, सर बटण दाबायचे आणि आम्ही सगळी बॅच काचेतून बघायचो, जर्नलमध्ये प्रोग्रामची प्रिंट चिकटवली की झालं प्रॅक्टिकल.

पुतण्यासाठी घरी ते छोटं ३०१८ सीएनसी मशीन आणलं, टेबलावर मावतं, ३०० बाय १८० मिमीचा जॉब होतो, आत आर्डुइनो हा छोटा कंट्रोल बोर्ड आणि त्यावर जीआरबीएल हे सॉफ्टवेअर, ते तर फुकट मिळतं. पहिल्याच दिवशी पठ्ठ्यानं झिरो न घेताच स्टार्ट दिला, टूल एमडीएफच्या लाकडी फळीत घुसलं आणि कट्‌कन तुटलं. आता तो जॉबवर कागद ठेवतो, टूल हळूहळू खाली आणतो, कागद जरासा अडकला की त्याची जाडी धरून झिरो घेतो. हे त्याला मी शिकवलं नाही, तुटलेल्या टूलनं शिकवलं. मोटर टप्प्याटप्प्यानं फिरते, एका फेरीला २०० स्टेप, मोटर चालवणारा ड्रायव्हर प्रत्येकीचे १६ भाग करतो, स्क्रू एका फेरीत ४ मिमी सरकतो, म्हणजे १ मिमीला ८०० स्टेप, हा हिशेबही त्यानं चौकोन मापात येईना तेव्हा स्वतः मांडला.

यावर स्टील होत नाही, अ‍ॅल्युमिनियमलाही अगदी पातळ कट घ्यावा लागतो, स्टेप चुकली तरी मशीनला पत्ता नसतो. पण मोठ्या मशीनला सर्वो मोटर आणि ती नेमकी किती फिरली ते कळवणारा एन्कोडर कशाला लागतो ते इथेच तर डोक्यात शिरतं! पुणे जिल्ह्यातल्याच पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर स्वतः वस्तू बनवायची कार्यशाळा, आहे, गावातली पोरं तिथं हातानं वस्तू बनवतात, मग शहरातल्या कॉलेजांना काय अडचण आहे?

मोठं मशीन राहू द्या, पण चार पोरांत एक छोटं द्या, गॉगल सक्तीचा करा आणि मार्क प्रिंटला नाही, जॉबला द्या, व्हर्नियर लावून. पालकांनीही अ‍ॅडमिशनआधी लॅबमध्ये जाऊन एवढंच म्हणावं, पोरांनी स्वतः केलेले जॉब दाखवा.

— एक सीएनसी सेटर, भोसरी