मुरगळलं नव्हतं

प्रिय आई-बाबा,

फोनवर ‘पाय मुरगळलाय’ म्हणालो, ते खोटं होतं. रागवा, पण आधी शेवटपर्यंत वाचा. उजव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आहे. पडलो-बिडलो नाही. इतकी वर्षं खुर्चीत बसून अभ्यास केला आणि इथे लष्कराच्या ट्रेनिंगमध्ये एकदम पाठीवर २० किलो घेऊन रोज मैलोगणती चालायला लागलो. झिजलेलं भरून काढायला हाडाला उसंतच मिळाली नाही. सैनिकांच्या पायांचं असलं दुखणं प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) एका लष्करी डॉक्टरने १८५५ सालीच लिहून ठेवलंय म्हणे. म्हणजे बाबा, यातही मी पहिला आलो नाही!

सुरुवातीला मीच मानत नव्हतो. गोळी घ्यायची, बूट आवळायचे, चालायचं. एक्स-रे स्वच्छ आला (पहिले दोन-तीन आठवडे अशी चीर त्यात बहुधा दिसतच नाही), मग ‘नाटकं करतोय’ हेही ऐकलं. शेवटी डॉक्टरबाईंनी अंगठ्याने नडगी वरून खाली दाबत आणली. नखाएवढ्या एका जागी मी ओरडलो. तिथे त्यांनी पेनाने फुली मारली आणि एमआरआयला पाठवलं. चीर बरोब्बर फुलीखाली निघाली.

आता खरं सांगायचं ते. मला सेवेतून सोडत होते. मी नको म्हटलं. हाड भरलं की पुढच्या तुकडीबरोबर पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करणार. आई, हट्ट नाही गं हा. अर्धवट टाकलेलं काम मला झोपू देत नाही, ते कुणाकडून आलंय तुला ठाऊक आहे. शिवाय घरी आलो असतो तर त्या गुडघ्यांनी तू दिवसभर माझी उठबस करत बसली असतीस. हे मुख्य कारण नाही. पण आहे.

इथे खाट खालची मिळालीय, खिडकीजवळ. आंघोळीला गरम पाणी आहे. कुबड्यांच्या मुठींना टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळल्यात, तळहात सोलत नाहीत आता. आणि झोप! दीड महिन्याची उधारी फेडतोय. शेजारच्या खाटेवरच्या पोराचा कान मात्र गोळीबाराच्या सरावापासून सतत वाजतो. बोळे घातले नव्हते त्याने. रात्रभर कुशी बदलतो आणि घरी ‘मजेत आहे’ कळवतो. त्याच्याकडे बघूनच हे पत्र लिहायला घेतलं.

लहानपणी पाय दुखतात म्हणून मी रडायचो आणि तू अंधारात चेपत बसायचीस, आठवतं? झोपला समजून उठलीस की मी पुन्हा कण्हायचो. त्यातलं निम्मं नाटक होतं, आज कबूल करतो.

मला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यात, तुझ्यासारख्याच. तुझ्या डब्यात किती उरल्यात ते मोजून कळव. खोटं चालणार नाही. बाबा, बीपीची गोळी जेवणाच्या वेळेवर ढकलायची नाही आणि स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. मला बघायला इतका प्रवास करून यायचंही नाही. कुबड्या सुटल्या की मीच येतो.

काकूला मात्र मुरगळलंय असंच सांगा.

तुमचा,
बाळू