पाववाल्याची उधारी

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईने माळा रिकामा करायला काढलाय एवढं कळलं, आणि पुढचं सगळं कुकरच्या शिट्टीत वाहून गेलं. म्हणून लिहायला बसले. बाबा, दुकानाच्या उधारीच्या वह्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढायच्या आत हे पत्र वाचा. कारण सांगते, पण जरा लांबून यावं लागेल.

परवा सुट्टी होती, तेव्हा केनवुड हाऊसला जाऊन आले. लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड हीथ नावाचं मोठं माळरान आहे, त्याच्या कडेला उंचावर हा पांढराशुभ्र वाडा. अठराव्या शतकात तो लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांचा होता. गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, असा १७७२ सालचा निकाल त्यांचाच. त्यांच्या पुतण्या-भाच्यांच्या गोतावळ्यात डायडो बेल नावाची मुलगी याच घरात वाढली. तिची आई आफ्रिकन गुलाम, वडील न्यायाधीशांचे भाचे, आरमारातले. अगं आई, घरचं दूधदुभतं आणि कोंबड्या डायडोकडे असायच्या, आणि म्हाताऱ्या न्यायाधीशांची पत्रंही ती लिहून द्यायची. तिचं आणि तिच्या नात्यातल्या बहिणीचं एक सुरेख चित्र आहे, पण मूळ चित्र आता स्कॉटलंडमधल्या स्कोन पॅलेसमध्ये. कित्येक वर्षं ते झोफानी या चित्रकाराचं समजत होते, हल्ली डेव्हिड मार्टिनचं मानतात. चित्र काढणाऱ्याचं नाव असं बदलतं याची मला गंमत वाटली.

खरं तर आज भिंतींवर जे आहे ते बहुतेक त्या घराचं नाहीच. सामानसुमान १९२२ मध्ये लिलावात गेलं. मग १९२५ मध्ये गिनेस या काळ्या बिअरवाल्या घराण्यातल्या लॉर्ड आयव्हींनी वाडा घेतला, आपली चित्रं तिथे ठेवायची ठरवली आणि दोन वर्षांनी वारले. वाडा आणि ६३ चित्रं लोकांसाठी ठेवून. आजही तिकीट नाही. आई, अगदी फुकट! बसायला बाकडीही आहेत, तुझ्या गुडघ्यांना त्रास व्हायचा नाही.

ग्रंथालयाचं छत बघताना मात्र मान मोडते. रॉबर्ट ॲडमने ती खोली बांधली आणि छतातली चित्रं आंतोनिओ झुक्की या व्हेनिसच्या चित्रकाराने रंगवली. सुंदर आहे, पण खरं सांगू? केकवरच्या आयसिंगसारखं वाटलं. मी लवकर बाहेर पडले.

फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराच्या चित्रासमोर मात्र थांबले. पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी, चित्र १६३३ चं. केस विस्कटलेले, गाल लाल, आत्ताच कोणाशी तरी मोठ्याने हसून बोलून वळलेला. छातीवर सोन्याची साखळी आहे, ती डच ईस्ट इंडिया कंपनीने नोकरीबद्दल दिलेली. आणि हा गृहस्थ कुठे होता माहीत आहे? आपल्या सुरतेला! १६२० नंतरची कित्येक वर्षं तिथल्या डच वखारीचा कारभार त्याच्याकडे होता. शाळेत ‘सुरतेची वखार’ घोकली, पण तिथे बसणाऱ्या माणसाला चेहरा असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

रेम्ब्रांट या दुसऱ्या डच चित्रकाराने स्वतःचंच चित्र काढलंय, साधारण १६६५ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर. त्याआधी १६५६ मध्ये दिवाळं निघालं होतं, घर गेलं, जमवलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. चित्राच्या अगदी जवळ जाता येतं. पांढरी टोपी म्हणजे रंगाचे चार-सहा जाड फटकारे. मिशी ओल्या रंगात कुंचल्याच्या दांड्याने ओरखडलेली. पॅलेट धरलेला हात तर हात नाहीच, नुसती रेघांची गुंतवळ. पण डोळ्यांखालची सैल कातडी अशी रंगवलीय की बोट लावलं तर हलेल. मागे भिंतीवर दोन मोठी अर्धवट वर्तुळं आहेत, त्यांवरून पंडितांची भांडणं चालू आहेत. कोणी म्हणतं जगाचा नकाशा, कोणी म्हणतं एका दमात गोल काढायचं कसब. मी वर्तुळांकडे फारसं बघितलं नाही. बाबा, शेवटच्या दिवशी शटर ओढून तुम्ही स्टुलावर बसला होतात ना, तसा चेहरा होता.

आता मुद्द्यावर येते. शेजारीच व्हर्मिअर या त्याच काळातल्या डच चित्रकाराचं चित्र आहे, गिटार वाजवणारी मुलगी. दोन वीतभर रुंद, त्याहून थोडं उंच, बस. मुलगी इतकी डावीकडे बसलीय की तिचं कोपर चौकटीबाहेर गेलंय, आणि ती हसतेय ती चित्राबाहेरच्या कोणाकडे तरी. गिटारच्या काही तारा पुसटशा काढल्यात, आत्ताच छेडल्यासारख्या. अंगात पिवळं रेशमी जाकीट, काठाला पांढरी लव. ते जाकीट त्याच्या बऱ्याच चित्रांत दिसतं आणि व्हर्मिअर गेल्यावर घरातल्या वस्तूंची जी यादी झाली, तिच्यातही त्याच्या बायकोचं असं एक पिवळं जाकीट सापडतं.

व्हर्मिअर १६७५ मध्ये गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. फ्रान्सशी लढाई सुरू झाल्यापासून चित्रं खपत नव्हती. मागे बायको कातारिना आणि अकरा मुलं, बहुतेक लहानच. तिने सरकारदरबारी लिहून दिलंय की धडधाकट नवरा खचला आणि दीड दिवसात वारला. आणि गावातल्या पाववाल्याची उधारी होती ६१७ गिल्डर, म्हणजे तेव्हाची डच नाणी. पावाची! हेंड्रिक व्हान बाउटेन त्याचं नाव. कातारिनाने त्याला दोन चित्रं दिली, दरसाल थोडं थोडं फेडलं तर परत घ्यायच्या बोलीवर. त्यातलं एक वाद्य वाजवणाऱ्या व्यक्तीचं, आणि ते बहुधा हेच, असं अभ्यासक धरतात.

मी बाकड्यावर बसून बराच वेळ त्या पाववाल्याचाच विचार करत होते. अकरा पोरांच्या घरी रोज पाव पाठवत राहिला, वही वाढत गेली, आणि त्याने ती वाढू दिली. लोक म्हणतील, त्याला चित्रांची पारख होती. असेलही. पण कोपऱ्यावरच्या टेलरकाकांची उधारी तुंबली तेव्हा तुम्ही माझे शाळेचे दोन गणवेश शिवून घेतले होतेत. ते काय शिलाईची पारख म्हणून? आईने तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता, कारण पिनाफोरची उंची चार बोटं जास्त झाली होती.

हे चित्र १९७४ च्या फेब्रुवारीत चोरीला गेलं होतं. चोरांनी बदल्यात कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरच्या लोकांना अन्नधान्य वाटा अशी मागणी केली. पुन्हा धान्यच, बघा! मे महिन्यात एका चर्चच्या आवारात ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मिळालं. थोडी ओल लागली होती, बाकी शाबूत.

तर बाबा, व्हर्मिअरने त्या मुलीबद्दल एक ओळ लिहून ठेवलेली नाही. चित्र कुठे होतं, घरात काय चाललं होतं, हे कळतं ते कर्जाच्या कागदांवरून. तुमच्या वहीत आपल्या आळीतल्या प्रत्येक घराचं पान आहे. कोणाकडे बाळंतपण झालं की डिंक आणि खोबरं चढायचं, कोणाची गिरणी बंद पडली की साखर अर्ध्यावर यायची. आणि काही पानांवर शेवटी लाल शाईने तुम्ही ‘सोडली’ लिहिलंय. मी लहानपणी विचारलं होतं काय सोडली, तर तुम्ही म्हणालात, अभ्यास कर.

आई, डबे, पातेली, तो मोडका पंखा, काय हवं ते काढ. वह्या तेवढ्या ठेव. गोणपाटात नको, वाळवी लागते. जुन्या सुती साडीत बांध, डांबरगोळ्या टाक आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेव. दिवाळीत येते तेव्हा मी आणि बाबा बसून वाचू. टेलरकाकांचं पान आधी.

बाबांनी रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यावी.

तुमची,
धाकटी