फ्रॉक ट्रंकेतच राहू दे, आई

पुणे,
रविवार, 30 नोव्हेंबर 2025

प्रिय आई आणि पप्पा,
सप्रेम सलाम.

गुरुवारी फोनवर आई म्हणाली, "फ्रॉक उन्हात घातलाय, एकवीस तारखेचं पाळकसाहेबांशी बोललेय," आणि मी रूथ रडतेय असं सांगून फोन ठेवला. रूथ रडत नव्हती. गाढ झोपली होती. फोनवर मला नीट सांगता येणार नाही, तुझा आवाज बदलला की मी पाघळते, म्हणून हे पत्र. पप्पा, शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेन चालवा, पण आधी शेवटपर्यंत वाचा. आणि आईला चष्मा लावून तिचं तिला वाचू द्या. तुम्ही वाचून दाखवताना मधली वाक्यं गाळता, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

एकवीस तारखेला रूथचा बाप्तिस्मा करायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. आधी "पुढे ढकलायचा" असं लिहिलं होतं, ते खोडलं.

निनादवर राग धरू नका. तो उलट म्हणत होता की करून टाक, आईंना बरं वाटेल, बाळाच्या डोक्यावर चार थेंब पडले तर काय बिघडतं. सांगलीला निनादच्या आईंनाही मी सत्यनारायणाला नाही म्हटलंय, त्यांनी दोन आठवडे माझ्याशी फक्त हवापाण्यावर गप्पा मारल्या. तेव्हा हा तुमच्याकडचा आणि त्यांच्याकडचा असा भेदभाव नाही.

अडचण पाण्याची नाहीच. पाळकसाहेब विचारतील त्या प्रश्नांची आहे. आईवडिलांनी सगळ्या मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करायचा आणि लेकराला त्याच विश्वासात वाढवीन असं वचन द्यायचं. ते "होय" माझ्या तोंडून निघणार नाही. पप्पा, तुम्हाला आठवतं का, माझ्या दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीसमोर मी स्वतः विश्वास कबूल करायच्या, आदल्या रात्री तुम्ही ओट्यावर बसून मला विचारलं होतं, "मनू, तुला खरंच पटतंय ना? नसेल तर पुढच्या वर्षी. घाई नाही." मी पंधरा वर्षांची होते. आत खुंटीला पांढरा ड्रेस इस्त्री करून टांगला होता आणि मामा श्रीरामपूरहून येऊन झोपले होते. मी "पटतंय" म्हटलं. तेव्हा माझ्या मनात देवाबद्दल शंका होती असं नाही, तुमचा प्रश्नच मला कळला नव्हता. तो कळायला मला वीस वर्षं लागली. आता कुठे त्याचं खरं उत्तर देतेय, इतकंच समजा.

हे कुठून सुरू झालं ते आईला वाटतं तसं पुण्यात आल्यावर, "त्या पुस्तकांनी" नाही. सुरुवात 2021 च्या एप्रिलमध्ये झाली. मोबाइलवर प्रार्थनासभा चालायची, तुम्ही दोघं एका चौकोनात आणि मी एका. त्या रात्री एका भाऊंनी साक्ष दिली की प्रभूने त्यांच्या वडिलांसाठी अगदी शेवटच्या घटकेला ऑक्सिजनचा बेड राखून ठेवला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. मोठी मावशी त्याच रात्री बेड शोधता शोधता गाडीतच गेली. मला त्या भाऊंचा राग आला नाही, त्यांचे वडील वाचले याचा आनंदच झाला. पण बेड राखून ठेवणारा कुणी असेल, तर त्याने मावशीचा नंबर कुठे लावला होता, हा प्रश्न तिथून डोक्यात बसला तो उठलाच नाही. मी बायबलमधला ईयोब पुन्हा वाचला, उपदेशक वाचला. आई, मी प्रार्थनाही केली, पुष्कळ. तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण तू स्वतःच रोज मावशीची साडी उशाशी घेऊन झोपत होतीस.

मी नास्तिक नाही. पप्पांना हा शब्द फार लागतो म्हणून स्पष्ट लिहिते. देव नाहीच, असं छातीठोक सांगण्याइतकं मला काही कळलेलं नाही, आणि आहे असंही सांगता येत नाही. याला अज्ञेयवाद म्हणतात. हक्सले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1869 मध्ये यासाठी इंग्रजी शब्द घडवला. आपल्याकडे आगरकर याच वाटेने गेले. पप्पा, तुम्ही दरवर्षी वर्गात रेव्हरंड टिळक शिकवताना सांगायचात की 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात आगरकर वारले. एकाच वर्षातले हे दोघे, आणि मला दोघंही आपलेच वाटतात. हे सांगायला मला तुमच्याशिवाय घरात दुसरं कोण आहे?

आणि टिळकांचीच गोष्ट पुढे न्यायची तर लक्ष्मीबाईंनी त्यांच्या पाठोपाठ बाप्तिस्मा घेतला नाही. 1900 साली घेतला, पाच वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. आई, हे तूच मला भाकरी थापताना सांगितलेलं आहेस, आणि वर म्हणाली होतीस, "बाई खमकी होती." पुढे 1917 मध्ये टिळकांनी देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. रूथला तेवढी जागा तुमच्या घरात मिळाली की झालं.

पणजोबांचं मात्र मला उत्तर देता येत नाही. रोज दूध पाजताना तेच डोळ्यांसमोर येतात. गावच्या शाळेत ज्याला दाराबाहेर बसवलं, त्याला बोर्डिंगमध्ये बाकावर बसायला मिळालं, आणि त्या बाकाची किंमत भावकीने त्यांच्याकडून कशी वसूल केली ते मी काय लिहू. त्यांनी जिवावर उदार होऊन जो बाप्तिस्मा घेतला तोच मी वातानुकूलित फ्लॅटमध्ये बसून नको म्हणतेय, असं कुणी म्हटलं तर मला तोंड नाही. दवाखान्यातल्या फॉर्मवर धर्माचा रकाना होता. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिलाय की धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही, "धर्म नाही" असं सांगायचाही हक्क आहे. गंमत म्हणजे ती याचिका करणारे येशूला मानणारेच होते! येशू हवा, धर्माचं लेबल नको, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं ठाऊक असूनही मी माझ्या नावापुढे "ख्रिस्ती" लिहिलं. हात वळला नाही. विसंगत आहे, मला माहीत आहे.

पण तो बाक माझ्याकडून सुटलेला नाही, एवढं खरं. माणसाला माणूस म्हणून शेजारी बसवायचं, आणि त्यासाठी वरून हुकूम यायची वाट पाहायची नाही. मला मानवतावाद कळतो तो एवढाच. पप्पा, तुम्ही ज्यांचं नाव इतक्या आदराने घेता ते न्यायमूर्ती तारकुंडे, आपले सासवडचे, ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादी विचाराचे होते. आणीबाणीत ते नागरी हक्कांसाठी उभे राहिले ते कुठल्याही स्वर्गाच्या आशेने नाही. तुम्हाला माझी काळजी वाटत असेल की देवाशिवाय पोरगी वाहवत जाईल, तर त्यांच्याकडे बघा.

मंडळीत काय सांगायचं? खरं सांगा. ते जड जात असेल तर असं सांगा की मुलगी मोठी झाल्यावर स्वतः ठरवेल. यात खोटं काही नाही. 1970 साली सहा मंडळ्या एकत्र येऊन आपली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली (कालच पंचावन्न वर्षं झाली, पप्पांनी केक आणला असणार, साखर तपासली का?), तेव्हापासून तिच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि समज आल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्ही चालतात. बाळाला नुसतं आशीर्वादासाठी पुढे न्यायचं, हेही मनात आलं होतं. पण तिथेही मला तेच वचन द्यावं लागेल, आणि तुमच्या समाधानासाठी तुमच्याच देवळात उभं राहून खोटं बोलणं मला जमायचं नाही.

आम्ही तेवीस तारखेला येतोय, एक तारखेपर्यंत राहणार. नाताळच्या सकाळी मी तुमच्याबरोबर देवळात येईन, सगळी गीतं म्हणेन, फक्त प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, उठणार नाही. तेव्हा मला कोपराने ढोसू नकोस, आई. रूथला पप्पांनी सगळ्या गोष्टी सांगायच्या. दानिएल, योना, आणि उंबरावर चढलेला जक्कय तर पाहिजेच. मला खांद्यावर बसवून "जक्कया, खाली उतर!" म्हणायचात आणि मी मुद्दाम तुमचे कान घट्ट धरून ठेवायचे. खांद्यावर मात्र घेऊ नका, मानेचा पट्टा आठवा. खुर्चीवर बसून सांगा. देवळातल्या हंगामाच्या सणाच्या लिलावातही तिला घेऊन जा. तो एकच भोपळा सात जण विकत घेतात आणि प्रत्येक जण परत लिलावाला देतो, ते तिने बघायलाच हवं.

आता इतर. करंज्यांचं सारण तेवढं भिजवून-भाजून ठेव, लाटायला मी येतेय, गुडघ्यावर बसून एकटीने तीनशे करायच्या नाहीत. बाथरूमला धरायचा दांडा बसवायला शनिवारी माणूस येईल, पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नका. पप्पा, पेटी उचलून देवळात नेणं बंद. तिथल्या तरुण मुलांना सांगा. रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर, हे मी चिकटपट्टीवर लिहून डब्याला लावलं होतं, ते कुणी काढलं?

फ्रॉक धुऊन, सुकवून ठेवून दे, आई. कॉलरपाशी तो पिवळा डाग आहे, त्यावर लिंबू चोळू नकोस, आजीच्या क्रोशाची लेस विरेल. ट्रंकेत डांबरगोळ्या घातल्यास तर सुती कापडात गुंडाळून घाल. रूथने मोठेपणी बाप्तिस्मा घ्यायचं म्हटलं, तर तो तिला बसायचा नाही. नवीन मी स्वतः शिवून घेईन, आणि पहिल्या बाकावर बसेन.

उत्तर पप्पांनी लिहिलं तरी चालेल. पण आई, खाली दोन ओळी तुझ्या हाताने हव्यात. रागाच्या असल्या तरी.

तुमची,
मनू

ता. क. रूथला दात येतोय, खालचा. बुधवारी दिसला.