चि. मुक्तास, बीजिंगच्या पत्त्यावर

फोंडा, गोवा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुला ताप होता ही बातमी आम्हाला तुझ्याकडून नव्हे, तर तुझी मैत्रीण आपल्या मधूशी बोलता बोलता सांगून गेली म्हणून कळली. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. त्याविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवूनच मी पत्राला बसले आहे. म्हणून तू अभ्यासतेस त्या योहान श्रेकविषयी, चारशे वर्षांपूर्वी चीनला गेलेल्या त्या जर्मन विद्वानाविषयी लिहिते. तू ठेवून गेलेली टिपणे मी सगळी वाचली.

1611च्या एप्रिलमध्ये गॅलिलिओने रोममधल्या मेजवानीत दुर्बीण दाखवली तेव्हा हा गृहस्थ तिथे हजर होता, मे महिन्यात गॅलिलिओपाठोपाठ रोमच्या लिंचेई विद्वत्सभेचा सदस्य झाला आणि वर्ष सरायच्या आत सगळे सोडून जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंघातला साधू, झाला. त्याच्या मित्रांना हळहळ वाटली, हे तू लिहिले आहेस. त्याच्या आईबद्दल तुझ्या टिपणांत एक ओळही नाही, हे माझ्या लगेच लक्षात आले.

1618च्या एप्रिलमध्ये चीनला जायला लिस्बनहून त्रिगो या जेझुइटाबरोबर श्रेक ज्या जहाजाने निघाला, त्यावर आदम शाल, जाकोमो रो आणि किर्विट्झर हे त्याचे जेझुइट सोबतीही होते, आणि वाटेत तापाची साथ पसरून त्यांच्यातले कित्येक जण दगावले. श्रेक स्वतः नावाजलेला वैद्य, तरी त्याचे काही चालले नाही. ऑक्टोबरमध्ये ते आपल्या गोव्याला लागले. इथून किर्विट्झरने धूमकेतूंची निरीक्षणे केली आणि श्रेक वनस्पती गोळा करीत राहिला. जुन्या गोव्याला जाताना आता मला दर वेळी ही माणसे आठवतात. किर्विट्झर पुढे 1626मध्ये मकावला वारला, चाळिशीच्या आत. तुझ्या वयाचे आकडे मी त्याच्याशी ताडून पाहत नाही, असे म्हणणार होते, पण पाहिलेच.

ग्रहणाचे गणित अचूक यावे म्हणून श्रेकने गॅलिलिओकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. मग 1623मध्ये त्याने जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आपल्या जेझुइट बंधूंना चीनमधून पत्र लिहिले. ते फिरत फिरत खगोलशास्त्रज्ञ केप्लरपर्यंत पोचले, केप्लरने आपुलकीने सविस्तर उत्तर लिहिले, आणि ते सागानमध्ये छापून निघाले 1630 साली. त्याच वर्षी मे महिन्यात श्रेक बीजिंगमध्ये वारला होता. त्या बिचाऱ्यांना समुद्र आडवा होता. तुझ्या हातात फोन आहे, मुक्ता. पुन्हा तिथेच आले, पाहा. रागावू नकोस, मडगावच्या त्या प्रकारानंतर मला तुझ्या गप्प बसण्याची भीती वाटते, एवढेच.

तरी अभिमानाचे सांगायचे राहून जाऊ नये. 21 जून 1629च्या सूर्यग्रहणाची वेळ जुन्या पद्धतींनी चुकली आणि पाश्चात्त्य गणिताने बरोबर सांगितली, त्यातून शू ग्वांगची या चिनी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पंचांग सुधारण्याचा बादशाही हुकूम निघाला, आणि त्या कामावर घेतल्यावर काही महिन्यांतच श्रेक गेला, हे तू ज्या पानावर मांडले आहेस ते मी बाबांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. पुढचे काम शाल आणि रो यांनी उचलले. आपली मुलगी लॅटिन आणि चिनी दोन्ही वाचते, हे बाबा बँकेत, बाजारात, कुणालाही सांगतात. फक्त कामाच्या नादात उपाशी राहू नकोस, थंडीत कान झाक, अंगावर दुखणे काढू नकोस. उपदेश झाला, माफ कर. पण पन्नाशी नुकतीच ओलांडलेला वैद्य माणूससुद्धा परमुलखात असा जातो, हे वाचल्यावर हात थांबत नाही.

वांग झेंग या चिनी विद्वानाबरोबर श्रेकने 1627मध्ये काढलेल्या यंत्रांच्या पुस्तकातले पाणी उपसण्याच्या यंत्राचे चित्र पाठव, बाबांना ते आजोळच्या रहाटाशी ताडून पाहायचे आहे. त्याआधी ताप किती चढला होता आणि डॉक्टरांनी कोणती औषधे दिली, ते लिही.

तुझी,
आई